चपला गाडीत ठेवा

भाविकांनी पादत्राणे शक्यतो आपापल्या वाहनातच काढून ठेवावीत. कोरोनाच्या काळात प्रार्थनास्थळांसाठी केंद्राच्या आरोग्य खात्याने 4 जून 2020 रोजी काढलेल्या नियमावलीतलं हे कलम. महाराष्ट्रात देवळं पुन्हा उघडली ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, 16 नोव्हेंबरला. तेव्हा राज्याच्या नियमावलीतही ते होतंच.

हे कलम डोंबिवलीच्या फडके रोडवर उभं राहून वाचावं. गणेश मंदिरात येणारा माणूस चालत येतो, नाहीतर शेअर रिक्षाने. कामावरून सुटलेला स्टेशनातून बाहेर पडून तसाच दर्शनाला वळतो. त्याचं वाहन कोणतं? ठाण्यात कोपिनेश्वराला जायचं तर जांभळी नाक्याच्या बाजारातली गर्दी ओलांडा. तिथे गाडी दारापर्यंत नेण्याची गोष्टच सोडा. टिटवाळ्याच्या महागणपतीला लोक जातात ते लोकलने. आणि पाडव्याला देवाचं दार उघडलं तरी लोकलचं दार सगळ्यांना उघडलेलं नव्हतं. मुख्यतः अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी आणि ठरलेल्या वेळात महिला यांनाच प्रवेश. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो भाविक होता, तो चारचाकीतून उतरणारा होता. तो या पट्ट्यात नाही असं नाही, पण देवळातली रांग त्याची नसते.

वाहन नसलेल्यांसाठी पुढची ओळ होती: गरज पडल्यास प्रत्येकाने किंवा प्रत्येक कुटुंबाने आपल्या चपला स्वतःच्या हाताने वेगळ्या खणात ठेवाव्यात. ही सोय आपल्याकडे कधीपासूनची आहे. देवळाबाहेरची हारवाली आपल्या फळीखाली चपला ठेवून घेते, चार जणांच्या चार जागी, आणि परतताना ज्याच्या त्याच्या पुढे सरकवते. मोबदला काय, तर हार किंवा नारळ तिच्याकडून घ्यायचा. चपला सांभाळण्याचं तिचं हे काम नियमावलीत कुठेच नव्हतं. उलट प्रसाद, तीर्थ, मूर्तीला हात लावणं बंद झालं आणि अनेक देवळांनी हार-नारळही बाहेरच थांबवले. तिचं गिऱ्हाईक गेलं, त्याबरोबर फळीखालची जागाही गेली. मग चपला पडणार त्या दाराशी, एकावर एक.

चपलांवर एवढं काय लिहायचं, असं कोणी म्हणेल. पण मास्क आणि सहा फुटांचं अंतर ही कलमंही त्याच कागदावर होती. ती खरोखर जीव वाचवणारी होती. ज्याला चपलांचं कलम पाळताच येत नाही, तो पुढची कलमं कोणत्या मनाने वाचणार? कागद आपल्यासाठी नाही, एवढंच त्याला कळतं. दारावरचा सेवेकरीही तेच शिकतो: काही नियम भिंतीवर लावायचे असतात, काही पाळायचे असतात, आणि कुठले कुठले ते आपणच ठरवायचं. मग हनुवटीवर उतरलेल्या मास्कला तो काही बोलत नाही.

बरं, चुकलं ते फक्त घाईत, असंही नाही. विषाणू हवेतून पसरतो हे मान्य करा, असं जाहीर पत्र 239 शास्त्रज्ञांनी जुलै 2020 मध्येच दिलं होतं. नोव्हेंबरपर्यंत चार महिने हातात होते. तरी चपलांना गाडी, खण असा तपशील. आणि हवेच्या वाट्याला मोकळी हवा शक्य तितकी आत घ्यावी, खेळती ठेवावी, एवढी मोघम सूचना. जुन्या देवळाच्या गाभाऱ्याला खिडकी नसते. तिथे एका वेळी किती माणसं आणि किती मिनिटं, हे सांगायला हवं होतं. ते ठरवणं ज्या त्या देवळाच्या विश्वस्तांवर पडलं.

हा कागद कुठल्या तरी फायलीत असेलच. पुढची साथ आली की तोच काढून तारीख बदलण्याचा मोह होणार, कारण मंत्रालयात मसुदे असेच जन्मतात. तसं होण्याआधी कल्याण-डोंबिवली आणि ठाणे महापालिकांनी आपल्या प्रभागातल्या देवळांचे, मशिदींचे, चर्चचे विश्वस्त एकदा बोलवावेत. लोक येतात कशाने, थांबतात कुठे, आत हवा येते कुठून, हे विचारून घ्यावं. आणि त्या बैठकीला फडके रोडवरची एखादी हारवालीही असू द्यावी.