मुंबई–दुबई : तीन तासांचा हिशेब

"दुबई काय, तीन तासांवर आहे!" असे आमच्या बाजारपेठांत सर्रास ऐकू येते. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १९३० किलोमीटर असून विमानाला तीन ते सव्वातीन तास लागतात. मुंबईहून रस्त्याने रत्नागिरी गाठायलाही याहून अधिक वेळ लागतो. तरीही व्यापाऱ्याने आपला हिशेब या तीन तासांवर मांडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम तिकिटावरील वेळ पाहा. ती त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्यामुळे मुंबईहून सकाळी दहाला निघालेले विमान साडेअकराला पोहोचते असे दिसते. परतीला दहाला निघालेले विमान मात्र अडीचला उतरते. हे ध्यानात न घेता भेटीची वेळ ठरवणारा नवखा माणूस हमखास फसतो.

दुसरे, प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, घराच्या उंबऱ्यावर सुरू होतो. मालेगावच्या कारागिराला मुंबई गाठायलाच विमानाहून अधिक वेळ लागतो. पुढे विमानतळावर तीन तास आधी हजेरी आणि तपासणीच्या रांगा. एका भेटीपायी तीन दिवस काम बंद राहिले, तर त्या तीन दिवसांची मजुरीही तिकिटाच्या किमतीत धरली पाहिजे.

तिसरे आणि महत्त्वाचे म्हणजे, माणूस तीन तासांत गेला तरी माल त्याच भावात जात नाही. हवाई कार्गोत वजनाबरोबर आकारमानही मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणतः ६००० ने भागतात. ६० × ५० × ४० चे खोके प्रत्यक्षात १२ किलोचे असले, तरी भाडे २० किलोचे पडते. हलक्या पण जागा व्यापणाऱ्या हस्तकलेचा नफा इथेच गळतो. असा माल न्हावा शेवाहून जेबेल अलीला समुद्रमार्गे पाठवावा. कंटेनर भरण्याइतका माल नसेल, तर इतरांच्या मालासोबत जागा घेता येते.

काही बांधव म्हणतील, समोरासमोर बसल्याशिवाय विश्वास बसत नाही. मान्य आहे. पण आधी नमुने पाठवावेत, भाव ठरवावा, ऑर्डर लेखी घ्यावी आणि मगच तिकीट काढावे. भारत व अमिरातीचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू असून त्याखाली अनेक वस्तूंवर जकातीची सवलत आहे. मात्र मालाच्या मूळ देशाचा दाखला नसेल, तर ती मिळत नाही. तसेच २०२२ पासून तेथील सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवस चालतात आणि शनिवार-रविवारी बंद असतात. जुन्या सवयीने शनिवारची सुट्टी संपवून रविवारी कामाला उतरणाऱ्याचा दिवस फुकट जातो.

उधारी काढून, बायकोचे दागिने गहाण ठेवून "एकदा जाऊन तर येऊ" म्हणणारे तरुण आमच्या मोहल्ल्यांत कमी नाहीत. त्यांच्या हिमतीची आम्हाला कदर आहे. पण हलाल रोजीसाठी हिमतीबरोबर हिशेबही लागतो. दुबई जवळ आहे ती तयारीने जाणाऱ्याला. बाकीच्यांना ती तीन तासांत भेटते आणि कर्ज फिटायला तीन वर्षे लागतात.