‘ढ’ म्हणण्याआधी

तिसरीतलं मूल बोलायला चुणचुणीत, पण वाचताना अडखळतं, ‘मगर’चं ‘गमर’ लिहितं. त्याला ‘ढ’ ठरवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेचा विचार करायला हवा. बुद्धी चांगली असूनही ती असू शकते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर मिळतं. मदत मात्र तोवर थांबू नये. पहिला बाक, जादा वेळ, तोंडी उत्तर यांना कुठला कागद लागतो?

निर्मळहून तपासणीसाठी मुंबई गाठायची तर प्रत्येक फेरीला आई-बापाचा रोज बुडतो. ही सोय ठरलेल्या दिवशी वसईतच व्हावी. तोवर ‘आळशी’ म्हणून मारणं थांबवणं शाळेच्या आणि घराच्या हाती आहे.