तलफ येते, तशी जातेही!

मध्यंतरी आमच्या भंडारदऱ्याच्या बाजूची एक आई माझ्याकडे येऊन रडू लागली. तिचा मुलगा मुंबईत गाडीवर कामाला होता, तिथे गर्दच्या नादी लागला. व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला, त्याला दोन महिने झाले होते. नीट वागत होता. त्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "आई, आज त्याची लई आठवण येतेय गं." झालं! आईनं कपाळ बडवून घेतलं, भावानं खिसे तपासले, वडील म्हणाले, "सगळा पैसा पाण्यात गेला."

"ताई, पोरगं पुन्हा बिघडलं हो!"

मी म्हटलं, "अगं, बिघडलं असतं तर तुला सांगितलं असतं का?"

आपली गफलत होते ती इथेच. गर्द बंद केल्यावर पहिले काही दिवस अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. गर्दुल्ले त्याला 'टर्की' म्हणतात. हा त्रास साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो आणि आपल्याला वाटतं, सुटलो एकदाचे! पण मनात रुतलेली तलफ पुढे कित्येक महिने अधूनमधून डोकं वर काढते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिसली, जुना दोस्त भेटला, हातात पगार पडला, की जीव कासावीस होतो. हा नालायकपणा नव्हे, आजाराचाच भाग आहे.

दिलासा एवढाच, की तलफ टिकून राहत नाही. चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते, श्रावणातल्या सरीसारखी. तेवढा वेळ निभावायचा असतो.

डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केलं. अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी मदत दिली होती. पेशंटला गुन्हेगार न समजता प्रेमानं वागवायचं आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घ्यायचं, हे तिथलं वैशिष्ट्य. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चा मंत्रही साधाच आहे : जन्माचा विचार नको, फक्त आजचा दिवस!

आपण मात्र काय करतो? "माझ्या गळ्याची शपथ घे," म्हणतो. माळ घालणं वाईट नाही. संध्याकाळी भजनाला चार चांगली माणसं भेटतात, त्याचा आधारच होतो. पण नुसत्या शपथेच्या धाकानं मुलगा तलफ लपवायला शिकतो. आणि लपवलेली तलफच घात करते.

त्यापेक्षा त्यानं "तलफ आली" म्हटलं की चेहरा न पाडता जवळ बसा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांत तलफ हमखास गाठते, म्हणून आधी "जेवलास का?" विचारा. पाणी द्या, हाताला काम द्या, बाहेर फिरवून आणा. "अर्धा तास थांबू, मग बघू," म्हणा. सुरुवातीला त्याच्या हाती मोठी रक्कम नको, पण हे त्याच्याशी बोलून ठरवा, त्याच्या चोरून नको. तलफ फारच छळत असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर औषधं आहेत. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर फुकट सल्ला मिळतो.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. बंद केल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी पूर्वीइतकाच गर्द घेतला तर जीवही जाऊ शकतो. म्हणून पाय घसरलाच तर घराचं दार बंद करू नका, लगेच उपचारांना न्या.

परवा ती आई बाजारात भेटली. म्हणाली, "ताई, काल परत बोलला तो. मी काहीच बोलले नाही. चहा टाकला, मग दोघं धरणापर्यंत चालत गेलो. येताना म्हणाला, 'गेली बघ, आई.'"

तुमच्या घरातला मुलगा, नवरा, भाऊ तुम्हाला हे इतक्या मोकळेपणानं सांगू शकेल का? तेवढं स्वतःला विचारून बघा.