लाल बटण आणि किल्ली

दिवाळीत कोणत्या पणतीतले तेल संपत आले, हे घरातल्या लहान पोरालाही चटकन कळते. पण जिन्याखाली उभ्या असलेल्या मोटारसायकलीचे तेल, म्हणजे तिच्या बॅटरीतली वीज, केव्हा संपली हे मात्र सकाळी बटण दाबीपर्यंत कुणाच्या गावी नसते. "काल तर छान चालत होती!" हे वाक्य मी आमच्या वसाहतीत इतक्यांदा ऐकले आहे की, आता मी आधी किल्लीकडे पाहतो. बहुधा ती रात्रभर चालूच राहिलेली असते.

किल्ली चालू ठेवून शहाणा माणूस घरी जातोच कसा, असे तुम्ही विचाराल. खरा गुन्हेगार म्हणजे उजव्या मुठीजवळचे ते लाल बटण! ते दाबले की इंजिन थांबते. आणि आवाज थांबला म्हणजे गाडी बंद झाली, असा आपला भाबडा समज. पण किल्लीने उघडलेली विजेची वाट उघडीच राहते आणि दिवे निमूटपणे वीज खात बसतात.

हिशेबच करा ना. साध्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, सुमारे ५ अँपिअर-तासांची. मागचा ५ वॉटचा बल्ब ०.४ अँपिअर घेतो. म्हणजे १२ तासांत सारी पुंजी खलास. पुढचा ३५ वॉटचा दिवा जळत राहिला, तर तो जवळजवळ ३ अँपिअर ओढतो. दोन तासांच्या आत दिवाळे! जुन्या बुलेटसारख्या पॉइंटच्या गाड्यांत आणखी एक धोका. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली, तर कॉइलमधून प्रवाह वाहत राहतो आणि बॅटरीबरोबर कॉइलही तापते. मात्र त्या बुलेटच्या दिव्यापाशी अँपिअर दाखवणारा काटा असे. वीज चालली की तो डावीकडे झुकून मालकाला सांगे. नव्या बहुतेक गाड्यांत हा चहाडखोर उरलेला नाही.

ही गोष्ट नुसत्या खोळंब्याची नाही, बरे का. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींच्या सासूबाईंना रात्री दोन वाजता दम्याने गाठले. मुलगा औषधासाठी धावत खाली गेला, बटण दाबले, तर नुसते 'टक्'. गाडीला किक नव्हती. कोपऱ्यावर एक रिक्षावाला झोपला होता, तो उठला म्हणून औषध वेळेवर आले. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एका किल्लीपायी काय झाले असते हो!" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पूर्वी दोघांनी ढकलून, गिअरमध्ये टाकून गाडी सुरू करता येई. पण १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन पंपाने पेट्रोल फवारण्याची सोय झाली. त्या पंपालाही वीजच लागते! बॅटरी अगदी गतप्राण असेल, तर ढकलणाऱ्यांना फक्त घाम फुटतो.

बॅटरी उतरली, तर "पाहू रविवारी" म्हणू नका. उतरलेल्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर गंधकाचा क्षार धरतो आणि दिवसेंदिवस तो घट्ट होत जातो. मग ती पूर्वीसारखी भरत नाही. त्याच दिवशी चार्जरवर लावा आणि सावकाश भरू द्या. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरे. दहा-बारा तास लागतील. भरताना हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेणारा. म्हणून बॅटरी मोकळ्या हवेत ठेवा आणि पणत्या, फुलबाज्या तिच्यापासून चार हात दूर! आणि सुट्टीत आठ-पंधरा दिवस गावी निघालात, तर किल्ली कुलपात नाही ना, हे गॅसच्या चावीबरोबरच पाहून घ्या.

पाडव्याला घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला एवढेच सांगा: लाल बटण पडझडीसाठी, किल्ली रोजच्यासाठी. गाडी किल्लीनेच बंद करायची, किल्ली हातात घ्यायची आणि जिना चढण्यापूर्वी मागच्या दिव्याकडे एकदा वळून पाहायचे. तो विझलेला असला, की खुशाल झोपा.