चौपाटीचं पाणी टाकीत ओतू नका

पावसाळा सरून समुद्र निवळला की घरी प्रवाळाची टाकी मांडणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न येतो. समुद्र रिक्षाच्या अंतरावर आहे, मग मिठाच्या परदेशी बादल्या कशाला विकत घ्यायच्या? प्रश्न रास्त आहे. मीठ महाग आणि समुद्र फुकट. माझं म्हणणं एवढंच, की समुद्राचं पाणी जरूर वापरा, पण किनाऱ्याचं नको. जुहू असो, दादर असो की अलिबाग, चौपाटीवर गुडघाभर पाण्यात उभं राहून भरलेला कॅन टाकीत जाता कामा नये. होडीने आत जाऊन, दिवस पाहून, स्वच्छ भांड्यात पाणी आणायची सोय असेल तर आणा. नसेल तर मुकाट्याने मीठ घ्या.

समुद्राच्या पाण्याला मी नावं ठेवत नाही. मोकळ्या समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कॅल्शियम ४१० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १२९० च्या आसपास, अल्कलिनिटी सात डीकेएचच्या जवळ, पीएच ८.१. शिवाय स्ट्रॉन्शियम, आयोडीन वगैरे किरकोळ घटक निसर्गाने घातलेल्या प्रमाणातच मिळतात. १९३० मध्ये शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियमसाठी फ्लोरिडातल्या की वेस्टहून रेल्वेने दहा लाख गॅलन पाणी आणलं होतं, वीस टँकरच्या आठ फेऱ्या करून. तेव्हा कल्पना काही खुळी नाही. मात्र ‘जिवंत पाणी’ म्हणून त्याचं जे कौतुक चालतं त्यावर फार विसंबू नका. त्यातला बहुतेक जीव कॅनमध्येच मरतो, आणि मेलेल्याचा अमोनिया होतो.

आता किनाऱ्याचं पाणी का नको ते. मुंबईत वरळी आणि वांद्र्याहून निघालेले सांडपाण्याचे बोगदे समुद्रात तीन किलोमीटरहून आत जाऊन उघडतात. मिठी नदी माहीमला येऊन मिळते, आणि कित्येक नाले तर सरळ किनाऱ्यावरच सुटतात. या पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट टाकीत आले की महिन्याभरात दगडांवर केसाळ शेवाळ उभं राहतं, आणि मग आपण दिव्याला दोष देत बसतो. गावाकडची बंदरं बरी असतील असं समजू नका. होड्यांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यात तांबं असतं. माशांच्या काही रोगांवर जे तांबं औषध म्हणून वापरतात तेच कोलंबी, शंख आणि प्रवाळ यांना विष आहे. ते दगडांत आणि वाळूत मुरतं आणि सहजासहजी निघत नाही. पाणी नितळ दिसलं म्हणून ते चांगलं ठरत नाही, कारण तांबं डोळ्यांना दिसत नाही. जेटीजवळचं पाणी त्यामुळे कायमचं वर्ज्य समजा. पावसाळ्याच्या तोंडावर कोकण-गोव्याच्या वाळूत डांबराचे गोळे येऊन पडतात. ते दिसले, तर बाहेर समुद्रात तेल सांडलेलं आहे, एवढं समजून घ्यावं आणि परत फिरावं.

ऋतूचं गणित तर त्याहून सोपं आहे. कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीवर पडलेला पाऊस दिवसा-दोन दिवसांत समुद्रात येतो, आणि खाड्यांच्या तोंडाशी खारटपणा निम्म्यावर आला तरी नवल नाही. पाण्यात माती असते ती वेगळीच. म्हणून जून ते सप्टेंबर विषयच नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या काळात होडीही मिळत नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच धावत सुटू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात तळाकडे प्राणवायू फार कमी झालेलं पाणी असतं. डिसेंबर ते मे हा आपला हंगाम. त्यातही डोळे उघडे ठेवावे लागतात. फेब्रुवारीनंतर कधीकधी पाण्यावर लाकडाच्या भुशासारखा पिवळट-तपकिरी थर तरंगतो. तो सूक्ष्म जीवांचा बहर असतो. तो जिथे दिसेल तिथे बादली बुडवायची नाही. हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकल्या तर मुलाबाळांना घेऊन बघायला जरूर जा, फक्त कॅन घरी ठेवून जा.

दिवस निवडायला पंचांग पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि तळचा गाळ उपसून वर येतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ओढ कमी आणि पाणी त्या मानाने निवळ. वेळ काढायची जुनी रीत कोकणात अजून चालते: तिथीची पाऊणपट करा, भरती साधारण तितक्या वाजता. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमी-नवमीला सकाळी सहा-सातच्या सुमारास भरती पूर्ण होते, आणि त्या वेळी वाराही पडलेला असतो. भरती संपत येताना पाणी घ्यावं, कारण तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत ढकललेलं असतं. ओहोटी लागली की खाडीतली घाण बाहेर पडू लागते. याच कारणाने खाडीच्या तोंडासमोरून पाणी घेऊ नये, मग होडी कितीही आत गेलेली असो. मुंबईसमोर तळ चिखलाचा आणि पाण्याची ओढ जबर, त्यामुळे पाणी बऱ्याच अंतरापर्यंत गढूळच लागतं. मालवण, देवगडकडे ते लवकर निवळ होतं.

होडी कोळी दादाची असेल तर आधी नीट बोलून घ्या आणि त्याच्या श्रमाचे पैसे द्या. हे काम फुकटात सांगायचं नसतं. त्याला तीन गोष्टी समजावून सांगा. पाणी नाळेकडून, म्हणजे पुढच्या बाजूने काढायचं. मागे इंजिनाचं गरम पाणी आणि होडीच्या तळातलं तेलकट पाणी पडत असतं. जाळं ओढत असताना घ्यायचं नाही, कारण तळ ढवळलेला असतो. आणि बादली वरच्यावर न भरता दोरीने वाव-दोन वाव खाली सोडून ओढायची. तेलाचा पातळ पापुद्रा नेहमी वरच असतो.

सगळ्यात जास्त घोळ भांड्याचा होतो. होडीवरचा रिकामा कॅन म्हणजे बहुतेक वेळा डिझेलचा कॅन. तो साबणाने कितीही घासला तरी वास जात नाही. भंगारातले निळे ड्रमही तसेच, त्यात आधी कोणतं रसायन होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार न्या. समुद्राच्या पाण्याचा भरलेला जार साडेवीस किलोचा होतो, हे लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं. लिफ्ट चालू असली तरी जारचं झाकण घट्ट हवं. खारं पाणी लिफ्टच्या पत्र्यावर सांडलं की गंज चढतो, आणि सोसायटीचे सेक्रेटरी टाकीच्या विरोधात एकदा गेले की कायमचे गेले.

घरी आणलेलं पाणी त्याच दिवशी टाकीत घालायचा मोह आवरा. बारीक कापडी गाळणीतून, पाच मायक्रॉनची मिळाली तर उत्तम, गाळून घ्या. झाकून अंधारात दोन आठवडे ठेवा. हवेचा दगड सोडून ठेवा, नाहीतर पाणी कुजतं. मग झाकण उघडून आधी वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते पाणी सरळ मोरीत ओता. वास नसेल तर तळाशी राखाडी गाळाचा थर बसलेला दिसेल. नळी तळापर्यंत न नेता वरचंच पाणी खेचून घ्या आणि शेवटचं चार बोटं पाणी सोडून द्या. लोभ नेमका इथेच होतो, आणि तो गाळ म्हणजेच सगळा त्रास.

मग चाचण्या. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून झडप मिटा, उजेडाकडे धरून आत पाहा. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात ती रेघ ३५ वर यायला हवी. आधी ३५ च्या प्रमाणित द्रावणाने उपकरण जुळवून घ्या. नळाच्या पाण्याने शून्य लावलं की झालं, असं मानू नका. अरबी समुद्राच्या उत्तर भागात बाष्पीभवन जास्त, म्हणून उन्हाळ्यात रेघ ३६ च्या आसपास गेली तर घाबरायचं कारण नाही. शून्य टीडीएसचं आरओ पाणी घालून खाली आणा. ३५ च्या खाली असेल तर त्यात थोडं टाकीचं मीठ विरघळवा. मात्र आकडा फारच खाली असेल तर ते पाणी खाडीचं आहे, टाकून द्या. अमोनियाच्या चाचणीत रंग पिवळाच राहिला पाहिजे. हिरवट छटा दिसली तर आणखी थांबा.

अल्कलिनिटीकडे मात्र बारकाईने पाहा. समुद्रात ती सात आणि तुमच्या टाकीत बहुधा नऊ. दहा टक्के पाणी बदललं तर ती ०.२ ने उतरते, कुणाला पत्ताही लागत नाही. निम्मं पाणी एकदम बदललं तर एका झटक्यात एक अंक जातो, आणि दगडी प्रवाळ पांढरी पडू लागतात. म्हणून थोडं थोडं बदला. क्लोरीन घालून पाणी निर्जंतुक करणं मोठ्या मत्स्यालयांना जमतं. घरी ज्या पाण्याला क्लोरीन द्यायची वेळ येते ते पाणी मुळात आणू नये, असं माझं मत आहे.

हिशेबही करून पाहा. दोनशे लिटरच्या टाकीला आठवड्याला दहा टक्के म्हणजे वीस लिटर पाणी लागतं. त्याला टाकीचं मीठ साधारण पाऊण किलो. ठाण्याहून किंवा पुण्याहून गाडी काढून कोकणात जायचं, होडीचे पैसे द्यायचे आणि आठ जार घेऊन परत यायचं, यात बचत किती झाली ते ज्याचं त्याने ठरवावं. सहलीची हौस म्हणून गेलात तर गोष्ट वेगळी. गाव रत्नागिरी-सिंधुदुर्गात असेल आणि घरचीच होडी असेल तर मात्र तुमच्यासारखं भाग्य नाही.

मग काहीजण मधला मार्ग काढतात, मिठागरातलं खडे मीठ विरघळवायचा. तेही समुद्रातूनच आलेलं ना! आलेलं आहे, पण सगळं नाही आलं. मिठागरात पाणी आटत जातं तसा कॅल्शियमचा बराच भाग जिप्सम होऊन आधीच तळाला बसतो. मग मीठ जमतं, ते ओढून घेतात, आणि मॅग्नेशियमने भरलेलं कडवट पाणी सोडून देतात. हाती उरतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून शंभरात सुमारे ८५ भाग. प्रवाळाचा सांगाडा ज्यावर उभा राहतो ते सारं उरलेल्या १५ भागांत असतं.

पाणी आणायला गेलात की खडकांवर लक्ष जाणारच. तिथून दगड, प्रवाळाचा तुकडा, वाळलेला सांगाडा, काहीही उचलू नका. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ आहे त्याच यादीत. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईत प्रवाळ कुठलं, असंही समजू नका. किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती २०२० च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने परवानगी घेऊन दुसरीकडे हलवल्या. सरकारी कामाला जिथे परवानगी काढावी लागते तिथे आपण पिशवीत घालून न्यायचं नाही. दुकानदार हळू आवाजात ‘लोकल माल आहे’ म्हणाला, तर तिथूनही रिकाम्या हाताने निघा.

टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो. ते समुद्रात किंवा खाडीत परत ओतू नका. टाकीत इंडोनेशियाचे, तांबड्या समुद्राचे, कुठकुठले जीव एकत्र नांदतात. १९८४ मध्ये मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखाली कॉलर्पा नावाच्या शेवाळाचा जेमतेम एक चौरस मीटरचा तुकडा दिसला होता. तो पुढे फ्रान्स आणि इटलीच्या किनाऱ्यापर्यंत पसरला. मुंबईकरांनी पाणी संडासात सोडावं, झाडांना तर चुकूनही घालू नये. छाटलेलं शेवाळ उन्हात कडकडीत वाळवून ओल्या कचऱ्यात द्या, आणि मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत करा, तो बहुधा घेतो.