सिस्टरला कोण शिकवणार?

कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजची प्रोजेक्ट-यादी काढा, त्यात एक तरी 'स्मार्ट पाळणा' सापडेलच. बाळ रडलं की माइकला कळतं, मोटर पाळणा हलवते, आईच्या मोबाईलवर मेसेज जातो. डेमोला टाळ्या, मग मार्क, आणि मग पाळणा लॅबच्या कपाटावर! यंदा आमच्या ग्रुपनेही हाच विषय धरला होता. सरांनी एकच प्रश्न विचारला, "बाळ का रडतंय, हे कोण बघणार?" आम्ही सगळे गप्प.

उत्तर सोपं आहे. हॉस्पिटलमध्ये ते सिस्टर बघते. मग बाळांच्या वॉर्डात नवीन हुशार मशीन आणताना तिला शिकवायचा विचार सगळ्यात शेवटी का?

अमेरिकेतल्या ९ नवजात अतिदक्षता विभागांत झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. अगदी कमी वजनाच्या ३००३ बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवरून कॉम्प्युटर धोक्याचा एक आकडा काढायचा. मशीन सगळ्यांनाच लावलं होतं, पण निम्म्या बाळांचाच आकडा डॉक्टर-नर्सना दाखवला. आकडा बघून अमुकच करा असा नियमही नव्हता. न दाखवलेल्या गटात १०.२ टक्के बाळं दगावली, दाखवलेल्या गटात ८.१ टक्के. म्हणजे बघा, आकडा दोन्हीकडे निघत होता. फरक पडला तो कुणीतरी तो पाहून बाळाजवळ गेलं म्हणून!

पण मशीन चुकलं तर? २०२० साली अमेरिकेतच मोठ्या माणसांच्या पाहणीत दिसलं, की बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतो. आता आपल्या कोकणातली बाळं काही गोरीपान नसतात. परदेशातल्या रुग्णांवर शिकलेलं सॉफ्टवेअर इथे तसंच चालेल, हे गृहीत कसं धरायचं?

याच्या उलट आपल्या गडचिरोलीचं उदाहरण. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत निरक्षर दायांसाठी श्वास मोजायचं एक साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओळीने मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनियाचा संशय. ना बॅटरी, ना स्क्रीन. आणि मुख्य म्हणजे मणी लाल का, हे वापरणारीला समजत होतं. त्याच संस्थेने ३९ गावांत बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय. तिथे खरी गुंतवणूक शिकवण्यात होती.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागाला आग लागून १० बाळं गेली. नंतर ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत नर्सही होत्या. कोण किती चुकलं हे ठरवणारी मी कोण? पण मशीनच्या खोलीत काही झालं की जाब नर्सलाही द्यावा लागतो, एवढं नक्की. जाब द्यायचा असेल, तर मशीन कसं ठरवतं हे समजून घ्यायचा हक्कही तिचाच.

२०२१ च्या नव्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात माहितीशास्त्र आणि तंत्रज्ञान हा विषय आला, हे चांगलंच झालं. पण वीस वर्षांपूर्वी शिकून आज वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरचं काय? तिला 'हे बटण दाबा' एवढं सांगून भागणार नाही. मशीन कशावरून निष्कर्ष काढतं, कुठे हमखास फसतं, आणि वीज गेली की काय करायचं, हे तिला शिकवा. जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपण रायगडकर विसरलो का? आणि शिकवा ते मराठीत. मी कॉन्व्हेंटची, मला इंग्रजी मॅन्युअल अडत नाही. पण रात्री दोन वाजता अलार्म वाजल्यावर मॅन्युअल वाचत कोण बसणार?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, स्क्रीन हिरवी असली तरी 'मला हे बाळ बरं वाटत नाही' असं म्हणायचा अधिकार तिला असावा, आणि तिचं म्हणणं डॉक्टरांनी ऐकावं.

आमचा पाळणा? तो अजून झालेला नाही. आधी एका बालविभागात रात्रपाळीला बसायची परवानगी मागितली आहे. सिस्टरला शिकवायला निघालो होतो, बहुतेक आम्हीच शिकून येऊ!

— तृतीय वर्ष, ई अँड टीसी