नोंद आणि रक्षण : सह्याद्रीतील उभयचरांच्या निमित्ताने

इतिहासाच्या शिक्षकाने बेडकांविषयी लिहावे, याचे स्मरणिकेच्या काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्याची नोंद नाही त्याचे अस्तित्व नाकारणे सोपे जाते, ही इतिहासाचीच शिकवण आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावे बखरींत आणि दप्तरांत आली नाहीत, त्या समाजाला ती नव्याने सांगावी लागत नाही. माणसांची आणि बेडकांची तुलना मला करावयाची नाही. नोंदीचे सामर्थ्य दोन्हीकडे सारखेच असते, एवढेच म्हणावयाचे आहे. सह्याद्रीच्या रानांतील उभयचर वाचवायचे असतील तर पहिले काम त्यांना ओळखण्याचे व त्यांची नोंद ठेवण्याचे आहे, आणि ते काम डोंगराच्या कुशीतील गावांनी व शाळांनी हाती घेतले पाहिजे, असे माझे मत आहे.

उभयचर म्हणजे बेडूक, भेक आणि गांडुळासारखे दिसणारे पाय नसलेले देवगांडूळ. त्यांची त्वचा पातळ व ओलसर असते आणि श्वसनाचा मोठा भाग तिच्यातूनच चालतो. त्यामुळे पाणी, माती व हवा यांतील बिघाड त्यांना लवकर बाधतो. जगातील उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीने काढला आहे. पश्चिम घाटात त्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या जांभ्या कातळावर एक लहानसा भेक राहतो. त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात व्याघ्रवाचक शब्द आहे. शास्त्राने त्याला स्वतंत्र जात म्हणून ओळखले ते २००९ मध्ये. त्याचा जवळचा भाऊबंद १९६३ मध्ये कोयना परिसरातून नोंदवला गेला होता. मृगाच्या पावसाने कातळाच्या खळग्यांत वीतभर पाणी साचते, तेथे हा भेक अंडी घालतो. पाणी आटण्यापूर्वी पिल्लांनी वाढून बाहेर पडणे, एवढीच त्याला मिळणारी मुदत. आंबोली व तिचा अगदी लगतचा परिसर सोडला तर तो जगात कोठेही आढळत नाही, आणि अतिसंकटग्रस्त प्राण्यांत त्याची गणना होते. ज्या पावसात तो बाहेर पडतो त्याच पावसात पर्यटकांची वाहनेही घाटात येतात, आणि रात्रीच्या रस्त्यावर कित्येक भेक चाकांखाली चिरडले जातात. सरकारी दृष्टीने जांभ्याचा सडा म्हणजे पडीक जमीन. खाण असो वा बंगल्यांचे भूखंड, दोहोंसाठी तो मोकळाच समजला जातो.

इतक्या लहान परिसरात राहणाऱ्या जातीचे काय होऊ शकते, हे मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या देशाने पाहिले आहे. तेथील माँतेव्हेर्देच्या ढगाळ पर्वतीय रानात सोनेरी रंगाचा एक भेक होता. १९६६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले. १९८७ मध्ये दीड हजारांहून अधिक भेक प्रजननासाठी जमलेले अभ्यासकांनी मोजले. १९८९ मध्ये एकच नर दिसला आणि त्यानंतर कोणालाही काही दिसले नाही. रान तर राखीव होते आणि झाडांवर कुऱ्हाड पडली नव्हती. हवामानातील बदल आणि उभयचरांच्या त्वचेवर वाढणारी घातक बुरशी ही कारणे पुढे चर्चेत आली. या प्रकरणातून दोन गोष्टी कळतात. केवळ कुंपण घालून रक्षण होत नाही. आणि तेथे वर्षानुवर्षे कोणीतरी मोजत होते, म्हणूनच काय गमावले ते जगाला समजले. आपल्याकडे एखादा बेडूक नाहीसा झाला तर ते कोणाला कळणार?

नोंद झाली की काय घडू शकते, हेही आंबोलीनेच दाखवले आहे. हिरण्यकेशीच्या उगमकुंडातील एका लहान माशाला २०२० मध्ये नवी जात म्हणून नाव मिळाले आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. मासा पूर्वीही तेथेच होता. नाव मिळाल्यावर कायद्याला तो दिसू लागला.

मात्र नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. केरळातील इडुक्कीच्या डोंगरांतून २००३ मध्ये जांभळ्या रंगाचा, टोकदार नाकाचा एक बेडूक जगापुढे आला. त्याचे जवळचे नातेवाईक थेट सेशेल्स बेटांवर आहेत, म्हणून भूखंडांच्या इतिहासाचा तो जिवंत पुरावा ठरला. वर्षभर जमिनीखाली राहणारा हा प्राणी पावसाच्या आरंभी काही दिवसच वर येतो. जगाने त्याला ‘नवा’ म्हटले, पण तेथील आदिवासींना तो ठाऊक होता. ओढ्यातील खडकांना चिकटणारी त्याची पिल्ले ते पिढ्यान्‌पिढ्या अन्नासाठी पकडत आले आहेत. रान तुडवणाऱ्या माणसाचे ज्ञान ज्ञान म्हणून मोजले जात नाही, ही आपल्या समाजव्यवस्थेची जुनी खोड आहे. ती विज्ञानाच्या व्यवहारात शिरू देता कामा नये. गुराखी, धनगर आणि कातकरी यांना साक्षीदार मानून नोंदीत त्यांचा उल्लेख झाला पाहिजे. त्यांना रानाबाहेर काढून केलेले संरक्षण टिकणार नाही आणि ते न्याय्यही नाही.

याच प्रामाणिकपणाने आपल्या लोकांतील अज्ञानाकडेही पाहावे लागेल. देवगांडूळ दिसले की साप समजून ठेचले जाते. ते बिनविषारी असते आणि मातीतील किडे खाऊन जगते. २००३ मध्ये आंबोलीतूनच त्याची एक नवी जात शास्त्राला कळली. कितीतरी जाती कळण्यापूर्वीच काठीखाली गेल्या असतील. पाऊस लांबला की काही भागांत आजही बेडकांचे लग्न लावतात. पाऊस येतो म्हणून बेडूक ओरडतो, बेडूक ओरडतो म्हणून पाऊस येत नाही. कार्य आणि कारण यांची अशी उलटापालट हेच अंधश्रद्धेचे मूळ. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. तेथे वने व वन्यजीव जपण्याचे आणि सजीवांविषयी करुणा बाळगण्याचे कर्तव्य सांगितले आहे, आणि लगेच पुढे वैज्ञानिक दृष्टिकोन व जिज्ञासा जोपासण्याचे. ही दोन कर्तव्ये शेजारी आहेत, हे मला अर्थपूर्ण वाटते. पावसाळ्यात उगवते गवत व बारीक जीव पायदळी तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खूंनी एका ठिकाणी वर्षावास करावा, हा विनयाचा नियम आपल्या वाचकांना परिचित आहे. त्या करुणेला आज अभ्यासाची जोड हवी.

आपल्या मुलांपुढे शिक्षणाचे आणि नोकरीचे प्रश्न असताना बेडूक कशाला, असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण ज्या झऱ्यांत आणि ओढ्यांत बेडूक वाढतात, त्यांच्याच पाण्यावर डोंगरातील वाड्या जगतात. सडा खणला गेला तर आधी झरा आटतो आणि मग वाडीतील बाईच्या डोक्यावरचा हंडा दूरवर जातो.

यासाठी वाट नवी काढावी लागत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याचे काम तिच्याकडे आहे. ही वही कागदोपत्री उरकली जाऊ नये. आपल्या शाळेने पावसाळ्यात आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. शिक्षकांसोबत विद्यार्थ्यांनी पाऊस मोजावा, कोणत्या पाणवठ्यावर कोणता आवाज आला ते तारीख-वेळेसह लिहावे, छायाचित्र घ्यावे, प्राण्याला हात लावू नये. एका डबक्यावरून दुसऱ्याकडे जाताना पादत्राणे धुऊन वाळवावीत, म्हणजे रोग पसरणार नाही. ओळख पटवण्यासाठी विद्यापीठांतील अभ्यासकांची मदत घ्यावी. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या ग्रामसभेत ती वही मागून पाहावी आणि तिच्यात बेडकांचे पान आहे की नाही ते तपासावे. नसल्यास त्या पानाचा मजकूर आपल्या शाळेतून गेला पाहिजे.